मोगरी साबणाचा मुआयना

रामाजींनी फळीवरची मोगरी साबणाची पुढची वडी उचलली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिच्यावरची धूळ पुसली आणि कागदावरची तारीख वाचायला ती डोळ्यांजवळ नेली. मग शेजारच्या दुसऱ्या साबणाचा गठ्ठा त्यांनी दोन बोटांनी मागे सारला आणि मोगरीच्या नऊ वड्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या पुढे मांडल्या. गल्ल्यावर बसलेले उद्धवराव चष्म्याच्या वरून हे सगळं पाहत होते.

"घ्यायचा हाय का?"

"नाई."

"मंग हात काऊन लावून राह्यला?"

"मुआयना," रामाजी म्हणाले.

मंडल ऑफिसात, म्हणजे तिथल्या तहसिलीत, वीस वर्षं अटेंडर म्हणून काढलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द रुळलेला होता. साहेब पाहणीला निघाले की फायलीवर 'मुआयना' असंच पडे. निजाम जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी त्याचे शब्द कपाटांतून हलले नव्हते. पण किराणा दुकानातल्या साबणाचा मुआयना बेला गावात आजवर कुणी केला नव्हता.

"रोजच करशीन का आता?" उद्धवरावांनी विचारलं.

"रोज नाई. एक दिवसाआड."

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हॉटेलातून दोन चहा मागवले. चहा कागदी कपांतून आला.

याची सुरुवात दिवाळीनंतरच्या एका रविवारी झाली. रामाजींची लेक दीक्षा लंडनला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा. तिथे तेव्हा सकाळ असे आणि ती चहा पीत पीत बोले. त्या दिवशी ती एकदम म्हणाली,

"बाबा, मी एका कंपनीत हिस्सा घेतला."

रामाजी ताठ बसले. "कोणाच्या संगं?"

"कोणाच्या संगं नाही हो. शेअर. चाळीस शेअर घेतले."

"निम्मा का तिसरा?"

दीक्षाला हसू आवरेना. निम्मा नाही आणि तिसराही नाही, कंपनीचे कोट्यवधी हिस्से असतात, त्यांतले आपले चाळीस, असं तिने समजावलं. तिच्या बरोबरीची सगळी मंडळी म्हणत होती की भारत वाढतोय, तिकडे पैसे लावा. पण तिथे बसून इथल्या बाजारात थेट पैसे लावायचे तर शंभर कागद आणि दोनशे सह्या. त्यापेक्षा लंडनच्याच बाजारात असलेली, पण माल भारतात विकणारी एखादी मोठी कंपनी धरलेली बरी.

"मोगरी साबण तिचाच, बाबा."

"मोगरी? उद्धवरावच्या दुकानातली?"

"तीच. कंपनी इथली, पण तिच्या वार्षिक अहवालात लिहिलंय की पुढची मोठी वाढ भारतातल्या खेड्यांतून येणार. ते वाचलं आन् मले आपलं बेलाच दिसलं. म्हणून घेतले."

रामाजींनी थोडा विचार केला. "म्हंजे वावर इकडं अन् मालक तिकडं."

"हो. तसंच."

"मंग बटई झाली ना, पोरी. शेअर काय म्हणतं."

"झाली बटई," दीक्षा म्हणाली. "अन् खळं उद्धवकाकाच्या दुकानात."

ती हे गमतीने म्हणाली. पण अकरा वर्षं बटईने वावर केलेल्या माणसाशी गमतीत बोलण्याची ही गोष्ट नव्हे.

अटेंडर होण्याआधी रामाजींनी नाल्याकाठचं चार एकर निम्म्या बटईने कसलं होतं. वावर उद्धवरावांचं, घाम रामाजींचा, पीक निम्मं निम्मं. त्या व्यवहाराचा कागद कधी झाला नाही, पण एक नियम मात्र कागदाहून पक्का होता: हिस्सेदार खळ्यावर आल्याशिवाय रास उचलायची नाही. ज्वारीची रास खळ्यात पडून असो, आभाळ भरून येवो, उद्धवराव स्वतः येईपर्यंत रामाजी दाण्याला हात लावत नसत. उद्धवराव आले की पहिली ओंजळ त्यांची. मग पायलीने माप सुरू होई. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन.

दुसऱ्या दिवशी रामाजी दुकानात गेले आणि गल्ल्यासमोर उभं राहून म्हणाले,

"आमच्या दीक्षानं मोगरीत हिस्सा घेतला."

सगळी हकिगत ऐकून उद्धवराव हिशेबाला लागले. माल कंपनीचा. कंपनीत हिस्सा रामाजीच्या पोरीचा. विकायची मेहनत आपली.

"म्हंजे म्या आता तुया पोरीच्या बटईत?"

"तसंच म्हणावं लागते."

दुकानात गूळ घ्यायला आलेल्या दोन बायका गप्प झाल्या. उद्धवराव रामाजींना 'तू' म्हणत आणि रामाजी त्यांना 'तुमी'. दोघांच्याही मिशा पांढऱ्या झाल्या तरी त्यात बदल झाला नव्हता, आणि व्हावा असं कुणाला सुचलंही नव्हतं. मग उद्धवरावांनी स्वतः उठून कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली.

"बसा मग, मालक."

बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातचा गूळ खाली पडला. तेव्हापासून रामाजी दिसले की दुकानात "मालक आले" असा पुकारा होई, आणि मालक फळीकडे वळत.

रामाजींनी हिस्सेदारी मनावर घेतली. पाणी भरणाऱ्या बायकांना ते मोगरीचा फेस किती वेळ टिकतो ते सांगत. लग्नात आहेराच्या ताटात साबणाच्या वड्या ठेवाव्यात ही कल्पना त्यांनी ऑटोवाल्या डोमाजीच्या घरी मांडली, तेव्हा डोमाजीच्या बायकोने त्यांना चहा पाजून सन्मानाने वाटेला लावलं. आदिलाबादहून माल घेऊन येणारा सेल्समन तेलुगू माणूस. बेल्यातला खप वाढलेला पाहून तो चक्रावला. एकदा त्याने रामाजींना वड्या मांडताना पकडलं आणि तेलुगूत आजोबा म्हणून हाक मारत विचारलं.

"ताता, आप कंपनी का आदमी है क्या?"

"कंपनी का आदमी नहीं," रामाजी म्हणाले. "कंपनी हमारा है."

घरी चंद्रभागाबाईंची वेगळीच तक्रार होती. मोगरीने त्यांच्या अंगाला खाज सुटत होती.

"दुसरा आणा ना जी एखादा."

"वा. हिस्सेदाराच्याच घरी दुसऱ्याचा साबण. लोक काय म्हणतीन?"

चंद्रभागाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तांदळाच्या डब्यामागे आपला जुना साबण लपवला आणि रोज त्यानेच आंघोळ केली. रामाजींना ते ठाऊक होतं. पण मुआयना तांदळाच्या डब्यापर्यंत पोचत नव्हता.

रविवारी चार वाजता अहवाल सादर होई. आठवड्यात किती वड्या गेल्या, कोणत्या घरी अजून राखेने भांडी घासतात, सेल्समन काय म्हणाला, आहेराच्या ताटाचं काय झालं. दीक्षा हसून हसून चहा सांडे.

"बाबा, सगळं बेला दिवसातून तीनदा मोगरीनं आंघोळ करू लागलं ना, तरी माझ्या चाळीस शेअरला काही कळायचं नाही."

"मले काय तेवढंबी समजत नाई?" रामाजी म्हणत.

आणि खरंच समजत होतं. ज्याच्या हातून वीस वर्षं गावभराच्या जमिनींच्या फायली गेल्या, तो माणूस काही वेडा नव्हता. बटई आणि शेअर यांतला फरक त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता. पण त्यांना दुसरीही एक गोष्ट कळली होती. या साबणाच्या आधी रविवारचा फोन चार मिनिटांत संपायचा. जेवली का, थंडी हाय का, आईजवळ देतो. साबण आल्यापासून तो अर्धा अर्धा तास चालत होता. लेकीचं हसणं ऐकायला मिळतंय म्हटल्यावर रामाजींनी साबणच काय, झाडूसुद्धा विकले असते.

'ये' म्हणणं तेवढं त्यांच्या हातात नव्हतं. पाच वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा आदिलाबादच्या बसस्टँडवर त्यांनीच तिला सांगितलं होतं, "मागं पाहू नको. तुया बाप तुले कधी ये म्हणणार नाई. तुले वाटलं तं ये." मजुराच्या पोराची पोर परदेशी चालली होती. तेव्हा छाती फुगली होती आणि फुगलेल्या छातीने माणूस असलं काहीतरी बोलून बसतो. दीक्षा वर्षभराने एकदा बारा दिवस येऊन गेली. त्याला आता चार वर्षं झाली. कधी रजा नव्हती, कधी परीक्षा होती, कधी तिकीट महाग होतं. रामाजी दर वेळी म्हणायचे, "काम पयले." आणि फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उगाच उभे राहायचे.

"बोला ना सरळ, ये म्हणून," चंद्रभागाबाई म्हणत. "हे काय, साबणाले बोले अन् लेकीले लागे."

"म्या शब्द देल्ला हाय."

"शब्द घेऊन बसा मंग."

फोन संपवताना दीक्षा न चुकता विचारी, "उद्धवकाका कसे हायेत?" आणि दर वेळी रामाजी घाईघाईने विषय बदलत. कारण बटईचं शेवटचं वर्ष त्यांना आठवे.

त्या वर्षी ज्वारी चांगली झाली होती. रास खळ्यात पडली होती, उद्धवराव आले होते आणि त्यांच्या सोबत त्यांची म्हातारी आई रेणुकाबाईही आली होती. पाच वर्षांची दीक्षा आईचा हात सोडून धावत आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने दोन्ही हात कोपरापर्यंत राशीत खुपसले. दाणे थंड लागले म्हणून ती खिदळली. म्हातारी ओरडली. पोरीने रास बाटवली म्हणाली. तिने लोटाभर पाणी मागवलं आणि राशीवर शिंपडलं, आणि जिथे पोरीचे हात लागले होते तेवढी ज्वारी बाजूला काढून रामाजींच्या हिश्श्यात टाकायला लावली. उद्धवराव तेव्हा आपल्या चपलांकडे पाहत उभे होते. ते काही बोलले नाहीत. रामाजीही बोलले नाहीत. पुढच्या हंगामाला त्यांनी वावर सोडलं आणि मंडल ऑफिसात रोजंदारीवर लागले.

म्हातारी जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यानंतर उद्धवरावांशी चहा सुरू झाला, हसणं-बोलणं सुरू झालं. पण त्या दिवसाबद्दल दोघांनी कधी एक अक्षर काढलं नाही. दीक्षा तेव्हा लहान होती, तिला काही आठवत नसणार, अशी रामाजींनी स्वतःची समजूत घातली होती. तिला त्यांनी कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दीक्षा म्हणाली,

"बाबा, हिस्सा आला. सोळा पौंड. एका वेळचं बाहेरचं जेवण होतं त्यात."

"आला?"

"आला. लाभांश म्हणतात त्याले मराठीत."

"लाभ?" रामाजी म्हणाले. "लाभ तं पयल्या पायलीले म्हणतेत. एक म्हणत नाई आपुन."

"हो का? मग ही पहिली पायली समजा."

रामाजींच्या तोंडून पुढचं वाक्य कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही.

"मंग उचलू नको."

"म्हणजे?"

"हिस्सेदार खळ्यावर आल्याबिगर रास उचलत नाई."

पलीकडे चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला. मग दीक्षा अगदी हळू म्हणाली, "बघते, बाबा," आणि त्या दिवशीचा फोन सात मिनिटांत संपला.

चंद्रभागाबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. "बोलले शेवटी," त्या म्हणाल्या.

"म्या ये कुठी म्हणलो?"

पण त्यांना स्वतःलाच ते पटत नव्हतं. पुढच्या रविवारी दीक्षाचा फोन आला नाही. कामावर आहे, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारी तीन मिनिटं बोलणं झालं आणि त्यात साबणाचं नावही निघालं नाही. आपण शब्द मोडला, पोरीला अडचणीत टाकलं, असं रामाजींच्या मनाने घेतलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. त्यांनी दुकानात जाणं बंद केलं. मोगरीच्या वड्यांवर धूळ साचली आणि दुसरा साबण हळूच पुढे सरकला.

आठ दिवसांनी उद्धवराव बुद्धविहाराजवळच्या रामाजींच्या घरी आले. निवडणुकीला, दुखवट्याला ते याआधीही येऊन गेले होते, पण उभ्याउभ्या. आज ते खाटेवर बसले.

"मालक, मुआयना काऊन बंद केला?"

रामाजींनी आधी उडवाउडवी केली, मग सगळं सांगून टाकलं. लाभांश, पायली, रास, आणि त्यानंतरचे रविवार. उद्धवराव गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

"रास उचलत नाई म्हणलास?"

"म्हणलो."

"तुले आजून ध्यानात हाय ते सगळं?"

"अकरा वर्षं केलं. कसं जाईन ध्यानातून?"

उद्धवराव चष्मा काढून पुसत बसले. चंद्रभागाबाईंनी चहा टाकू का विचारलं, तर "राहू द्या, दुकान उघडं हाय" म्हणत उठले. जाताना अंगणात थांबून ते चंद्रभागाबाईंशी काहीतरी बोलले. बाईंनी आत येऊन मोगरीचा एक रिकामा कागद आणि पेन्सिल नेली. रामाजींना वाटलं, साबणाचंच काही असेल.

चौथ्या दिवशी, रविवार नसताना, दीक्षाचा फोन आला.

"बाबा, सोळा मार्चले पोचते. नागपूरवरून बस धरते."

रामाजींच्या हातातून फोन निसटता निसटता राहिला. "काम?"

"काम इथंच राहते. कुठं जात नाही."

त्या दिवशी रामाजींनी भर दुपारी दुकान गाठलं, मोगरीच्या सगळ्या वड्या पुसल्या आणि दुकानात येईल त्याला सांगितलं की लेक येते आहे, हिस्सेदार खळ्यावर येते आहे, बापाने बटईचा नियम सांगितला आणि पोरीने मानला. उद्धवराव गल्ल्यामागून नुसते "हो का" म्हणत होते. त्यांची सून पूनम तेलाच्या पिशव्या मोजत होती. ती मध्येच तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

सोळा तारखेला डोमाजीचा ऑटो घेऊन रामाजी आणि चंद्रभागाबाई आदिलाबादच्या बसस्टँडवर बस यायच्या दोन तास आधी जाऊन बसले. नागपूरची बस आली. दीक्षा उतरली. चार वर्षांत तिचे केस आखूड झाले होते आणि चालणं आईसारखं झालं होतं. चंद्रभागाबाईंनी तिला धरलं ते सोडलंच नाही. रामाजी बॅगा मोजत राहिले. दोनच बॅगा होत्या, त्या त्यांनी चार वेळा मोजल्या.

ऑटो जैनथ ओलांडून बेल्याच्या रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी उपटलेली वावरं मोकळी पडली होती. रामाजींना आता राहवेना.

"पाह्य, म्या नियम सांगतला अन् तू आली."

दीक्षा हसली. "तुमी कधी ये म्हणले बाबा? काकांनी बोलावलं."

"कोणत्या काकांनी?"

"उद्धवकाकांनी. फोन केला होता. रास पडू देतो म्हणाले, तू येईपर्यंत हात लावत नाही."

रामाजींनी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. बाई ऑटोच्या बाहेर पाहत होत्या, जणू आयुष्यात प्रथमच मार्च महिन्यातलं वावर पाहत आहेत.

ऑटो गावात न शिरता नाल्याकडे वळला. डोमाजीला तसं आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं. चार एकराच्या बांधावर उद्धवराव उन्हात उभे होते. वावराच्या मधोमध निळ्या ताडपत्रीवर ज्वारीची रास होती. खळी जाऊन जमाना झाला. आता मशीन येतं, दाणे सरळ पोत्यात पडतात आणि अर्ध्या दिवसात वावर मोकळं होतं. पण या वर्षी उद्धवरावांनी मशीनवाल्याला रास घालायला लावली होती आणि ती परवापासून तशीच होती. मशीनवाला पोती खांद्यावर टाकून एका कडेला कुरकुरत बसला होता.

"दोन दिस झाले, हातच लावू देत नाईत," तो डोमाजीला म्हणाला. "कोण बडी पाटलीण येणार हाय म्हणे."

दीक्षा राशीपाशी आली. उद्धवरावांनी तिला पाहिलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या रामाजींना पाहिलं. त्यांना बहुधा पुष्कळ बोलायचं होतं. पण त्यातलं त्यांनी एवढंच बोलून दाखवलं,

"पयली ओंजळ तुयी, बाई."

दीक्षाने चपला काढल्या. ताडपत्रीवर गुडघे टेकून बसली आणि कुडत्याच्या बाह्या वर सारल्या. मग ओंजळ भरायची सोडून तिने दोन्ही हात कोपरापर्यंत राशीत खुपसले.

पोरीला आठवत होतं. सव्वीस वर्षं तिला सगळं आठवत होतं, आणि दर रविवारी ती उद्धवकाका कसे हायेत म्हणून विचारत होती. ती बापाकडे पाहत नव्हती. ती उद्धवरावांकडे पाहत होती आणि खिदळत होती, दाणे थंड लागल्यासारखी.

एवढ्यात बाभळीखालून पूनम लोटाभर पाणी घेऊन आली. पाहुणी लांबून आली म्हणून आणलेलं पाणी. पण लोटा दिसला आणि दीक्षाचं खिदळणं थांबलं. पूनमला काही कळेना, ती लोटा धरून तशीच उभी राहिली. उद्धवरावांनी तिच्या हातून तो घेतला. थोडं पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं.

"पी," ते म्हणाले. "ऊन लय हाय."

दीक्षा राशीतून हात काढेना. तिने नुसतं तोंड वर केलं. मग सत्तरीचे उद्धवराव एक हात ताडपत्रीवर टेकत तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी लोटा तिच्या ओठांना लावला. ती पोटभर प्याली. लोट्यात राहिलेलं पाणी उद्धवरावांनी तोंड लावून संपवलं आणि रिकामा लोटा बाजूला ठेवला.

चंद्रभागाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग दीक्षाची हनुवटीही पुसली.

"रामाजी," उद्धवराव बसल्या जागेवरून म्हणाले, "तुमी काऊन उभे? या, बसा. माप घ्या."

जुनी पितळी पायली राशीच्या कडेला ठेवलेली होती, घासूनपुसून. रामाजी बसले. त्यांनी पायली राशीत घातली, शिगोशीग भरली आणि पोत्यावर धरली. आता म्हणायचा तो शब्द त्यांना चांगला पाठ होता, पण तो म्हणायच्या आधी त्यांनी लेकीकडे पाहिलं. पायली हातातच राहिली. मशीनवाल्याने एक सुस्कारा सोडला.

"लाभ," दीक्षा म्हणाली.

रामाजींनी पायली उपडी केली.